कारवान, कॅराव्हॅन आणि बालाघाटची चढण

बार्शी, लातूर, सांगोला, जत या पट्ट्यात लांब पायांचं, आत गेलेल्या पोटाचं, निमुळत्या तोंडाचं एक कुत्रं पाळतात. कुणी त्याला कारवान म्हणतं, कुणी कारवानी. अंगावर रेशमासारखे लांब केस असले की ते पश्मी. कर्नाटकात याच जातकुळीचं कुत्रं मुधोळ म्हणून प्रसिद्ध आहे. 2005 साली टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं. कारवान हा शब्द फारसी, अर्थ काफिला किंवा तांडा. तोच शब्द युरोपात जाऊन कॅराव्हॅन झाला आणि पुढे मोटारीमागे ओढायच्या घराला चिकटला. चाकांवरचं घर आणि आमच्या माळावरचं कुत्रं, दोघांचं नाव मुळात एकच.

आमच्या घरी चार वर्षांची चंदी आहे. कारवानच, बदामी रंगाची, वजन 22 किलो. दिवाळीनंतर ऊन उतरलं की मी आणि नवरा एका ट्रॅव्हलर गाडीत बिऱ्हाड भरतो, मागे दोन माउंटन बाइक अडकवतो आणि चंदीला घेऊन बार्शीतून निघतो. कधी पांगरीवरून येडशीच्या घाटाकडे, कधी भूम-परंड्याच्या माळांकडे, कधी वैरागवरून सोलापूरच्या बाजूला. परदेशात असा प्रवास सर्रास चालतो, तिथे त्याची पुस्तकं आणि नकाशे मिळतात. इथे मात्र ऊन, माती, काटे आणि कायदा सगळंच वेगळं आहे, त्यामुळे बरंच काही आपलं आपणच शिकावं लागतं. त्यातली पहिली गोष्ट अशी, की गाडी, सायकल आणि कुत्रं यांच्यात वेळापत्रक ठरवायचा अधिकार कुत्र्याचा आहे. गाडी थांबवता येते, सायकल टेकवता येते. कुत्र्याचं शरीर मात्र आपल्या हुकुमावर थंड होत नाही.

चालत्या बिऱ्हाडाबरोबर कुत्रं ही या मुलखातली फार जुनी जोडी. रेल्वे येण्याआधी दख्खनचं धान्य आणि मीठ वाहिलं ते बंजाऱ्यांच्या बैलांनी. शेकडो, कधी हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या, सोबत बायकामुलं आणि राखणीला कुत्री. 1803च्या दख्खन मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या फौजेला धान्य पुरवणारे हेच लोक होते. आगगाडीने त्यांचा व्यवसाय संपवला, तांडे स्थिरावले. धनगरांचा वाडा मात्र अजून हलतो. तट्टांवर जात्यापासून वाघरीपर्यंत संसार, पुढे मेंढरं, कडेला कुत्री. संध्याकाळी कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवायची आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे. मुक्काम कुठे करावा, पाणी किती लांब हवं, वारा कुठल्या अंगाने येतो हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा या लोकांनी जास्त शिकवलं.

हिवाळ्यात याच रस्त्यांवर तिसरं बिऱ्हाडही दिसतं, ऊसतोडीचं. बीड आणि बाकीच्या मराठवाड्यातून निघालेल्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, त्यावर कोपीच्या चटया, भांडी, लेकरं, आणि गाडीखाली बांधलेलं एखादं कुत्रं. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल फेडेपर्यंत सुटका नाही. त्यांचं फिरणं आणि आमचं फिरणं एका माळेत ओवायला माझं मन घेत नाही. आम्ही मौजेला निघतो, ते पोटासाठी. रस्ता मात्र एकच असतो, म्हणून एक नियम आम्ही कटाक्षाने पाळतो: ऊसहंगामात अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. मागे दिवा नसलेल्या बैलगाडीत आणि दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमध्ये माणसं बसलेली असतात.

आता गाडी. चाकांवरच्या घराचं खरं गणित वजनाचं आहे, आणि ते बार्शीकरांनी तरी चटकन ओळखावं. कारण हलक्या गाडीचं शास्त्र जगाला दाखवणारी रेल्वे आपल्याच गावात धावली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी लाइट रेल्वे उभारली. 1897 साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी हा अडीच फूट रुंदीचा मार्ग सुरू झाला. पुढे तो एका बाजूला पंढरपूर-मिरजेपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला लातूरपर्यंत गेला. कॅल्थ्रॉपचा आग्रह साधा होता. इंजिन असो की डबा, कुठल्याही एका एक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये, आणि तो सगळ्या एक्सलवर सारखा वाटलेला हवा. तसं केलं की हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो. मालाचं एकूण वजन किती, यापेक्षा ते कुठे पडतं हे महत्त्वाचं.

घरगाडीत हेच लागू होतं. शंभर लिटर पाण्याची टाकी म्हणजे शंभर किलो. ती मागच्या टोकाला ठेवली की गाडी घाटात डुलते. दोन एक्सलच्या मध्ये, तळाशी ठेवली की गाडी शांत चालते. सायकलींचा हिशेब करून पाहा. दोन सायकली आणि त्यांचा स्टँड मिळून 40 किलो, मागच्या एक्सलच्या दीड मीटर मागे टांगलेल्या; दोन एक्सलमधलं अंतर 3.3 मीटर. तरफेच्या नियमाने मागच्या एक्सलवर 40 नव्हे, सुमारे 58 किलो भार येतो आणि पुढची चाकं 18 किलोंनी हलकी होतात. स्टिअरिंग पुढच्या चाकांवर चालतं, म्हणून मागे सायकली लावल्या की पाण्याची टाकी आणि बॅटरी शक्य तितकी पुढे सरकवावी. सायकलींमागे नंबरप्लेट आणि दिवे झाकले जाणार नाहीत हेही पाहावं.

गॅरेजमध्ये नेऊन आपल्या मनाने गाडीचं घर करणं कायद्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम अधिक काटेकोर वाचलं. म्हणून मान्यता असलेल्या कारखान्यात काम करून घ्यावं, आरटीओत नोंद करावी, नाहीतर भाड्याची कॅराव्हॅन घ्यावी. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात गाड्यांचे प्रकार आणि कॅराव्हॅन पार्क यांचा विचार आहे. आमच्या भागात अजून मुक्काम होतो तो शेतात, पेट्रोल पंपाच्या आवारात किंवा देवळाच्या पटांगणात, मालकाला किंवा पुजाऱ्याला विचारून. विचारलं तर नाही म्हणणारा माणूस मला क्वचित भेटला. वापरलेलं साबणाचं पाणी मात्र त्याच्या रानात सोडायचं नाही, ते डब्यात साठवून पुढे न्यायचं.

कुत्रं घेऊन गाडीत राहणाऱ्याला सर्वात मोठं भय उन्हाचं. 2005 साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी उन्हात उभ्या बंद गाडीचं तापमान मोजलं. बाहेर हवा थंड असलेल्या दिवशीही आतलं तापमान तासाभरात सरासरी 22 अंश सेल्सिअसने चढलं, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा थोड्या खाली केल्याने जवळजवळ काही फरक पडला नाही. डिसेंबरात बार्शीत दुपारी 30 अंश असतात. त्यात 22 मिळवा. मे महिन्यात सोलापूरचा पारा 43-44 पर्यंत जातो, तेव्हा तर गाडीत कुत्रं ठेवून दुकानात शिरणं म्हणजे त्याला भट्टीत ठेवणं.

लोक म्हणतात, एसी चालू ठेवू. मग बॅटरीचा हिशेब करा. 12 व्होल्टची 100 अँपिअर-अवर लिथियम बॅटरी साधारण 1,280 वॉट-तास वीज साठवते. हजार वॉटचा एसी ती तासाभरात संपवेल. 30 वॉटचा पंखा तीच बॅटरी चाळीस तास फिरवेल. पण पंखा माणसाला जेवढा उपयोगी तेवढा कुत्र्याला नाही, कारण कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. पंजाच्या गाद्यांना थोडा येतो, बाकी सगळी उष्णता धापा टाकून, जिभेवरच्या ओलाव्याची वाफ करून बाहेर टाकावी लागते. निरोगी कुत्र्याचं तापमान 38.3 ते 39.2 अंश, म्हणजे आपल्यापेक्षा आधीच जास्त. ते 41च्या पुढे गेलं की आतडी, मूत्रपिंडं, मेंदू यांना इजा सुरू होते. धापा थांबेनात, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसू लागल्या, चाल अडखळली, तर आधी साध्या पाण्याने सगळं अंग भिजवून वारा घालायचा आणि मग दवाखाना गाठायचा. या क्रमात उलटापालट झाली तर जीव जाऊ शकतो.

म्हणून आमच्यात एक नियम आहे: एकजण सायकलवर गेला की दुसरा चंदीजवळ थांबतो. मग अदलाबदल. दोघांनी मिळून सायकल मारायची चैन फक्त तिच्याबरोबर, तिच्या चालीने.

सायकलसाठी येडशीच्या बाजूचे बालाघाटचे डोंगर का, हे समजायला जमीन पाहावी लागते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक पसरले. कठीण थर टिकले, मऊ थर झिजले, आणि डोंगराला पायऱ्या पडल्या. बार्शीहून येडशीकडे जाताना हे स्पष्ट जाणवतं: सपाट, मग एकदम चढ, पुन्हा सपाट. दम काढणारी लांबलचक चढण इथे नाही, पण आखूड आणि उभ्या चढणी एकामागून एक येतात. इथे गिअर लागतो. दूधवाल्याच्या साध्या सायकलचं पुढचं चक्र 44 दातांचं आणि मागचं 18 दातांचं, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात ती पाच मीटरहून जास्त पुढे जाते. माउंटन बाइकवर पुढे 32 आणि मागे 50 दात लावले की तोच फेरा तिला दीड मीटरच नेतो. चढ चढायचं काम तेवढंच राहतं, पण ते साडेतीन पट जास्त फेऱ्यांत वाटलं जातं आणि गुडघ्याला झेपतं.

ही सायकल जन्मली 1970च्या दशकात, कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपायसच्या उतारावर. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही तरुण मंडळी जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावर चढवून खाली सोडत. एका उतारावर ब्रेक इतके तापत की हबमधलं ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावं लागे. त्यावरून त्या शर्यतीचं नावच रीपॅक पडलं. ब्रीझने 1977 मध्ये खास डोंगरासाठी सायकल बांधली आणि 1996 मध्ये हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला.

त्या मंडळींना आमची काळी माती ठाऊक नसणार. या मातीतले चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात. पाऊस पडून गेल्यावर पन्नास मीटर चालवा, टायरवर मातीचे थर चढतात, चाक फ्रेममध्ये अडकतं आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. ओल असेपर्यंत काळ्या रानातल्या पायवाटा सोडून मुरमाड माळ धरावा. मुरमातून पाणी निचरतं, टायरला पकड मिळते, आणि शेतकऱ्याच्या बांधाचंही नुकसान होत नाही.

माळावर सराटा असतो. जमिनीलगत पसरणारी, पिवळ्या फुलांची वेल. तिचं फळ सुकलं की फुटून त्याचे तुकडे होतात, आणि कसेही पडले तरी एक काटा वर राहतो. तो जनावराच्या खुरात, माणसाच्या चपलेत किंवा टायरमध्ये रुतून दूर जावा अशीच ही रचना आहे. ट्यूब असलेली सायकल घेऊन मी एकदा वैरागच्या बाजूला तासाभरात चार पंक्चर काढली. तेव्हापासून ट्यूबलेस टायर आणि आत पातळ सीलंट. काटा उपटला की सीलंट भोकाकडे धावतं, हवेशी गाठ पडून गोठतं आणि भोक बुजतं. बाभळीचा लांब काटा मात्र त्यालाही दाद देत नाही, म्हणून एक ट्यूब पाठीवर असतेच.

कुत्र्याच्या पायात सीलंट भरता येत नाही. सराट्याचं एक वेळ बरं, तो दिसतो, कुत्रं लंगडतं, आपण उपटतो. खरा शत्रू कुसळ. डोंगरउतारावरच्या कुसळी गवताचं बी टोकदार असतं आणि त्याला पिळदार लांब शेपूट असते. हवेतली ओल वाढली की हा पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो. या फिरण्यातून बी स्वतःला जमिनीत स्क्रूसारखं पेरून घेतं. तेच बी कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात किंवा कानात शिरलं तर तिथेही तसंच आत आत जातं. केसांसारखे दात मागे वळलेले, त्यामुळे परत फिरत नाही. गेल्या वर्षी चंदी दोन दिवस पुढचा पंजा चाटत राहिली. मला वाटलं खरचटलं असेल. तिसऱ्या दिवशी सूज आली आणि डॉक्टरांनी भूल देऊन बोटांच्या मधून एक इंच लांबीचं कुसळ काढलं. ते दोन दिवस मी वाया घालवले, याची बोचणी मला अजून आहे. आता प्रत्येक फेरीनंतर पंजे, कान, बगला, आणि त्याच वेळी गोचीड. गोचिडीतून येणारा ताप कुत्र्याच्या रक्तपेशी खातो. प्रवासात हिरड्या पांढुरक्या वाटल्या तर थांबून रक्त तपासून घ्यावं.

सायकलबरोबर कुत्रं किती पळवावं? चंदीसारखी कुत्री वेगासाठी घडली आहेत. भरधाव पळताना त्यांचे चारही पाय एका झेपेत दोनदा जमीन सोडतात. पण ही धाव थोड्या अंतराची असते. तिला तासभर सायकलमागे ओढणं हा तिच्यावर अन्याय आहे. दुडकी चाल, ताशी दहा-बारा किलोमीटर, मऊ मातीवर, सुरुवातीला दहा मिनिटं, महिनाभराने पाऊण तास, मध्ये दोनदा पाणी. वर्ष-दीड वर्षाच्या आतल्या पिल्लाला सायकलबरोबर पळवूच नये, कारण हाडांची टोकं तोवर पक्की झालेली नसतात. पट्टा हँडलला बांधला आणि समोरून ससा उठला तर सायकल, माणूस आणि कुत्रं तिन्ही आडवे. पट्टा सीटखालच्या नळीला, स्प्रिंगच्या दांडीने, आणि गळ्याऐवजी छातीच्या पट्ट्याला. रस्ता डांबरी असेल तर तळहात सात सेकंद टेकवून पाहावा. आपल्याला सोसत नसेल तर तिलाही सोसत नाही.

ससा म्हणजे कारवानची जुनी दुखरी जागा. ही कुत्री शिकारीसाठी वाढवली गेली, आणि 1972च्या वन्यजीव कायद्यानंतरही काही ठिकाणी ती खोड गेलेली नाही. माळावर चंदी मोकळी सुटत नाही, हे मी तिच्यावरच्या आणि सशावरच्याही प्रेमापोटी ठरवलं आहे.

येडशीचं रामलिंग बार्शीकरांचं आवडतं ठिकाण. दरीतलं देऊळ, जटायूची समाधी, पावसाळ्यात धबधबा. पण ते अभयारण्य आहे, कुत्र्याने तिथे जायचं नाही. डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून चारशेहून जास्त किलोमीटर चालत आलेला तरुण नर. पुढे बार्शी तालुक्यातही त्याचा वावर दिसला. बिबट्या तर आहेच, आणि त्याला कुत्रं मनापासून आवडतं. नगर जिल्ह्यातल्या अकोल्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, त्यात त्यांच्या खाण्याचा 39 टक्के भाग पाळीव किंवा भटक्या कुत्र्यांचा निघाला. रात्री चंदी गाडीच्या आत झोपते, चाकाला बांधून बाहेर कधीच नाही.

धोका उलट्या दिशेनेही जातो. बार्शी-सोलापूर रस्त्यावर नान्नजला 1979 साली माळढोकासाठी राखलेलं गवताळ रान आहे, तिथे लांडगे आहेत. लांडगा आणि कुत्रं इतके जवळचे की एकाचा आजार दुसऱ्याला होतो. डिस्टेंपर आणि रेबीज कुत्र्याकडून त्यांच्या कळपात शिरतात. संकरही होतो, 2023 मध्ये पुण्याजवळच्या माळावर लांडगा-कुत्रा संकर जनुकीय तपासणीतून सिद्ध झाला. चंदीची नसबंदी झाली आहे, लसींचं पुस्तक गाडीच्या कप्प्यात असतं. ते पोलिसांना दाखवायला नाही, ज्यांच्या रानात आपण उतरतो त्या प्राण्यांसाठी आहे.

खाण्याचं थोडक्यात. ज्वारीची भाकरी, थोडं ताक, उकडलेलं अंडं यावर चंदी खूश असते. पण जानेवारी-फेब्रुवारीत इकडच्या बागांमध्ये द्राक्षं आणि बेदाणे सगळीकडे असतात, शेतकरी प्रेमाने ओंजळभर पुढे करतो. मूठभर बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात. शेंगदाण्याच्या चटणीतला लसूण आणि पिठल्यातला कांदाही वाईट. मी हे बागवानाला आधीच सांगते, त्यालाही ते नवीन असतं आणि त्याच्या घरी कुत्रं असतंच.

कॅल्थ्रॉपबद्दल एक राहिलं. तो अरबी घोडे पाळत असे आणि 1920 साली त्याने घोड्यांना मारझोड न करता शिकवण्यावर एक पुस्तक लिहिलं. त्याच्या शीर्षकातच घोडा हा सोबती आणि मित्र आहे. आमच्या गावाला रेल्वे देणारा हा माणूस दोन गोष्टींचा विचार एकाच डोक्याने करत होता, भार कुठे द्यावा आणि जनावराशी कसं वागावं. मला त्याची आठवण येते ती चढणीवर.

परवा येडशीच्या अलीकडे सकाळी सातला निघालो. साडेआठला चंदी एका लिंबाखाली बसली आणि उठेना. आजारी नव्हती, पाणी प्यायली, शेपूट हलवली, फक्त तिला पुरे झालं होतं. गाडी तीन किलोमीटर मागे, आणि माथा समोर दिसत होता. मी सायकल खोडाला टेकवली, हेल्मेट काढलं आणि तिच्याशेजारी बसले. खालच्या रानातून एका धनगराची मेंढरं वर येत होती, पुढे त्याचं कुत्रं. ते थांबलं, चंदीकडे पाहिलं, आणि सावलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलं.